खाणभूमी पुनर्वनस्पतीकरण (अमेरिका)
उघड्या खाणीतील उत्खनन संपल्यावर भरून सपाट केलेल्या जमिनीवर त्या प्रदेशातील मूळ वनस्पतिसमूह पुन्हा उभा करण्याची आणि त्याच्या वाढीवर ठरावीक काळ लक्ष ठेवण्याची प्रक्रिया.

अमेरिकेत १९७७ च्या संघीय कायद्याने कोळसा खाणींना ती बंधनकारक झाली (पहा : कोळसा). खाणचालक तारण रक्कम ठेवतो. वैविध्यपूर्ण व टिकाऊ हरित आच्छादन सिद्ध झाल्यावरच ती पूर्णपणे मुक्त होते. हे आच्छादन टिकविण्याचे दायित्व साधारणतः ५ वर्षांचे, तर वार्षिक पाऊस सु. ६६ सेंमी. वा त्याहून कमी असलेल्या भागांत १० वर्षांचे असते.

ॲपालॅचियन पर्वतप्रदेशात आरंभी धूप रोखण्यावरच भर राहिला. अवजड यंत्रांनी माती घट्ट दाबली गेली; तीवर टॉल फेस्क्यू हे युरोपीय गवत व आशियाई लेस्पेडेझा यांची दाट पेरणी झाली. परिणामी मुळे खोल जाईनात, रोपांना प्रकाश व पाणी अपुरे पडले आणि उतार हिरवे दिसूनही जंगल परतले नाही. २००४ पासून प्रसारित झालेल्या वनीकरण पद्धतीत किमान १.२ मी. जाडीचा सैल मातीथर, विरळ गवत आणि ओकसारख्या देशी वृक्षांची लागवड सुचविली आहे (पहा : अनुक्रमण, मृदा).

संनियंत्रणात नमुना-चौकटींतील आच्छादन, झाडांची संख्या व जातिवैविध्य मोजतात. आच्छादन संदर्भक्षेत्राच्या किंवा मान्य निकषाच्या किमान ९०% असावे लागते. मात्र आच्छादनाच्या आकड्यात आक्रमक परकी जातीही मोजल्या जाऊ शकतात, म्हणून जातिनिहाय नोंद आवश्यक ठरते (पहा : आक्रमक जाती).