आकाशाचा सातबारा

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ हे पूर्ण वर्ष भारतातल्या सुमारे २,४०० खेड्यांनी आकाशातून आलेला टीव्ही पाहिला. राजस्थान, बिहार, ओरिसा, मध्य प्रदेश, आंध्र आणि कर्नाटक या सहा राज्यांतली ही खेडी. ज्या गावात तोवर धड रस्ताही आला नव्हता, तिथे संध्याकाळी लोक एका संचासमोर जमून शेतीचे आणि आरोग्याचे कार्यक्रम पाहत. कार्यक्रम आपले, अँटेना आपल्या, प्रेक्षकही आपले. उपग्रह मात्र अमेरिकेच्या नासाचा होता. एटीएस-६ त्याचे नाव. करार एका वर्षाचा होता. वर्ष संपले आणि उपग्रह परत गेला.

या प्रयोगाबद्दल आपल्याकडे बरेच लिहिले गेले आहे. एक गोष्ट मात्र सहसा कोणी सांगत नाही. हा उपग्रह भारताच्या डोक्यावर नव्हता. तो उभा होता आफ्रिकेत, केनियाच्या डोक्यावर.

असे का, ते आधी समजून घेऊ. विषुववृत्ताच्या बरोबर वर, सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर उपग्रह सोडला तर त्याची एक फेरी पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या एका फेरीइतक्याच वेळात होते. म्हणून जमिनीवरून पाहणाऱ्याला तो एकाच जागी उभा दिसतो. आर्थर क्लार्क यांनी १९४५ साली एका लेखात हा हिशेब मांडून दाखवला होता. घराच्या गच्चीवरची डिश एकदा नेम धरून बसवली की पुन्हा हलवावी लागत नाही, ती याच कारणाने. पण असे कडे एकच आहे आणि ते फक्त विषुववृत्तावर आहे. उपग्रह फार जवळजवळ ठेवले तर त्यांचे संदेश एकमेकांत मिसळतात. म्हणजे जागा मोजक्याच.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. कक्षेला उर्दूत ‘मदार’ म्हणतात. तोच अरबी शब्द मराठीत आला तो वेगळा अर्थ घेऊन: ‘सारी मदार त्याच्यावर आहे’ असे आपण म्हणतो. १९७६ च्या जगात गरीब देशांना हे दोन्ही अर्थ एकदमच कळले. ज्याची कक्षेत जागा, त्याच्यावर इतरांची मदार.

कायदा काय सांगत होता? १९६७ चा बाह्य अवकाश करार सांगतो की अवकाश साऱ्या मानवजातीचे आहे आणि कोणत्याही देशाला त्यावर मालकी सांगता येणार नाही. वाक्य सुंदर आहे. पण ‘सर्वांचे’ म्हणजे प्रत्यक्षात कोणाचे? कक्षेतल्या जागा आणि रेडिओ लहरींची नोंद जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेकडे होते. तिथला नियम होता, पहिला येईल त्याला जागा. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसाच हा प्रकार. फरक इतकाच, की इथे रुमाल टाकायला आधी रॉकेट, उपग्रह आणि पैसा लागत होता.

३ डिसेंबर १९७६ रोजी कोलंबियाची राजधानी बोगोटा इथे विषुववृत्तावरच्या देशांनी एक जाहीरनामा काढला. त्यात कोलंबिया, इक्वेडोर, केनिया, युगांडा, काँगो, झैरे होते आणि इंडोनेशियाही होता. या इंडोनेशियाने पाचच महिन्यांपूर्वी, जुलैमध्ये, ‘पालापा’ हा आपला उपग्रह अमेरिकन रॉकेटवरून सोडला होता. हजारो बेटांच्या त्या देशाला तारा टाकून जोडणे कठीण होते.

जाहीरनाम्याचे म्हणणे थोडक्यात असे: अवकाश कुठे सुरू होते हे १९६७ च्या कराराने सांगितलेलेच नाही. हे कडे पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणामुळे आहे, म्हणून ते नैसर्गिक संपत्ती आहे. आमच्या भूमीवर त्याचा जो तुकडा येतो तो आमचा. समुद्रावर येतो तो साऱ्या मानवजातीचा.

थोडक्यात, त्यांनी आकाशाचा सातबारा मागितला. बड्या राष्ट्रांनी तो मान्य केला नाही. माझ्या मते मागणी कच्चीच होती. गुरुत्वाकर्षण साऱ्या पृथ्वीचे असते, एकट्या केनियाचे नाही. शिवाय हा सातबारा मंजूर झाला असता तर विषुववृत्तावर नसलेल्या गरीब देशांचे काय झाले असते? भारत, नेपाळ, बांगलादेश यांना अमेरिकेऐवजी दुसऱ्या कोणाच्या दारात उभे राहावे लागले असते.

पण मागणी कच्ची असली तरी तक्रार खरी होती, आणि ती वाया गेली नाही. गरीब देश हा प्रश्न परिषदांमधून लावून धरत राहिले. अखेर १९८८ साली दूरसंचार संघटनेच्या परिषदेने ठरावीक लहरींपुरती अशी योजना केली, की प्रत्येक देशासाठी कड्यावर किमान एक जागा राखून ठेवावी, त्याच्याकडे आज उपग्रह असो वा नसो. रुमालांच्या गर्दीत निदान एक आसन राखीव झाले.

हक्काची भाषा धंद्यालाही उपयोगी पडते, हेही सांगितले पाहिजे. त्याच सुमारास टोंगा या प्रशांत महासागरातल्या चिमुकल्या राज्याने एकही उपग्रह नसताना १६ जागांवर दावा लावला. हेतू होता त्या भाड्याने देण्याचा. कोलंबियाने तर १९९१ च्या राज्यघटनेत कड्याचा आपला तुकडा लिहूनच ठेवला. तो आजही तिथे आहे.

हा जुना इतिहास आज का आठवावा? कारण तोच प्रश्न नव्या ठिकाणी उभा आहे. खालच्या कक्षांमध्ये एकेक खासगी कंपनी हजारो उपग्रह सोडत आहे. चंद्रावरच्या खनिजांची चर्चा चालू आहे. अमेरिकेने २०१५ साली कायदा करून आपल्या नागरिकांना अवकाशातून काढलेल्या संपत्तीवर मालकी दिली. चंद्राची संपत्ती मानवजातीचा सामाईक वारसा मानणाऱ्या १९७९ च्या करारावर भारताने १९८२ मध्ये सही केली, पण त्याला मंजुरी आजवर दिलेली नाही. २०२३ च्या जूनमध्ये आपण अमेरिकेच्या पुढाकाराने झालेल्या आर्टेमिस करारावर सही केली आणि ऑगस्टमध्ये चंद्रयान-३ चंद्रावर उतरले.

त्या यशाचा आनंद मलाही झाला. पण आता आपण रुमाल टाकू शकणाऱ्यांत आहोत, म्हणून आपली जबाबदारीही वाढली आहे. २०१७ साली भारताने शेजारी देशांसाठी एक उपग्रह सोडला, ते चांगलेच केले. तरी भेट देणाऱ्याच्या मर्जीवर असते आणि वाटा नियमाने मिळतो. उसन्या उपग्रहाचे ते एक वर्ष ज्या देशाने पाहिले आहे, त्याने चंद्राचे नियम ठरताना हा फरक सांगायला हवा. ज्यांच्याकडे अजून रॉकेट नाही, त्यांची जागा त्यांच्या येण्याआधी राखली गेली पाहिजे.