लाटेवरचे स्वार

आमचे निडी गाव समुद्रकाठचे नव्हे. अंबा नदीच्या वाटेने भरती नागोठण्यापर्यंत चढते, चिखलात घटकाभर रेंगाळते आणि आल्या पावली परतते. समुद्राची आमची घसट काय ती एवढीच. फुटणारी लाट पाहायची तर अलिबाग गाठावे लागते. तरीही वर्गातल्या एका पोराने लाटेवरूनच मला कोड्यात टाकले. २०२१ च्या जुलैत जपानमधील त्सुरिगासाकीच्या वाळूच्या किनाऱ्यावर, ऑलिंपिकमध्ये प्रथमच, फळीवर उभे राहून लाटेवर स्वार होण्याच्या स्पर्धा झाल्या. त्यांचे चित्रण कुठेसे पाहून तो आला आणि म्हणाला, "गुरुजी, एवढा समुद्र आपल्या दाराशी, मग आपल्या माणसांना हे कसे सुचले नाही?"

प्रश्न पोरकट म्हणून सोडून देता आला असता. पण तो काही केल्या मनातून जाईना.

या खेळाचे माहेर हवाई बेटे. तिथे राजे, राण्या, कोळी सगळेच लाकडी फळ्या घेऊन लाटांत शिरत. कॅप्टन कुक १७७९ मध्ये तिथेच मारला गेला आणि त्याच्या मागे लेफ्टनंट जेम्स किंग याने रोजनिशीत या खेळाचे वर्णन केले. ते १७८४ साली छापून निघाले. १८२० मध्ये मिशनरी आले. परक्या रोगांनी माणसे मेली, उरलेल्यांना जुने खेळ पाप वाटू लागले आणि फळ्या कोपऱ्यात पडल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी वायकीकीच्या किनाऱ्यावर त्या पुन्हा बाहेर निघाल्या. १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक मिळवणाऱ्या ड्यूक कहानामोकूने तो खेळ पुढे ऑस्ट्रेलियापर्यंत नेला.

लाट फुटते का? लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट खोली उरली की तिचे पाय तळाला अडखळतात आणि डोके पुढे कोसळते. उथळ वाळूचा दांडा असेल तिथे हे हमखास घडते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर असा वाळूचा साठा लांबलचक बेटे होऊन किनाऱ्याला समांतर पसरला आहे. आपल्याकडे भरतीओहोटीतला फरकच चार-पाच मीटरांचा. त्यात जागोजागी खडक आणि खाड्या. तेव्हा अशी बेटे इथे सहसा टिकत नाहीत. वाळू खाडीच्या तोंडाशी साचते आणि दर पावसाळ्यात जागा बदलते. कालचा रस्ता आज बुडवतो.

आणि नेमकी हीच वाळू एकदा स्वराज्याच्या कामी आली.

१६७९ च्या ऑगस्टअखेर, पावसाळा सरला नव्हता तेव्हा, शिवाजीमहाराजांच्या आज्ञेने मायनाक भंडारी थळसमोरच्या खांदेरी बेटावर उतरला आणि तटाचे काम सुरू झाले. मुंबईकर इंग्रज खवळले. सप्टेंबरात बेटावर उतरू पाहणारा त्यांचा लेफ्टनंट थॉर्प मारला गेला. १८ ऑक्टोबरला दौलतखानाचे आरमार नागावकडून चालून आले. 'डव्ह' नावाचे इंग्रजी गलबत पकडले गेले, इंग्रजांची बरीचशी होडकी पळाली; एकटे 'रिव्हेंज' जहाज मात्र नेटाने लढले. (शत्रूचे शौर्य नाकारण्यात मला काही पुरुषार्थ वाटत नाही.) अखेर मराठी गलबते मागे फिरली, पण कशी? सरळ नागावच्या उथळ पाण्यात. खोल बुडाच्या जहाजाला तिथे पाठलाग थांबवावाच लागला. रात्री मात्र वल्ह्यांच्या लहान होड्या पहारा चुकवून खांदेरीला रसद पोचवीतच राहिल्या. १६८० च्या आरंभी इंग्रजांनी नाद सोडला. २०२५ साली युनेस्कोने ज्या मराठी किल्ल्यांना जागतिक वारशात घेतले, त्यांत खांदेरी आहे.

थळच्या एका वृद्ध कोळ्याला मी विचारले, फुटत्या लाटेतून होडी आत कशी आणता? तो म्हणाला, "लाटेच्या तोंडावर बसायचं न्हाय, मास्तर. तिच्या पाठीवर ऱ्हायाचं. तोंडावर गेली का होडी आडवी होते, मंग झालं." फळीवरच्या खेळाडूला नेमके लाटेचे तोंडच हवे असते! पडला तर तो हसत उठतो. कोळ्याची होडी पालथी झाली तर जाळे, मासळी आणि कदाचित माणूसही जातो. तेव्हा आपल्या माणसांना सुचले नाही असे नव्हे; लाट त्यांना पोटापाण्यासाठी रोजच ओलांडावी लागे, खेळायला ती उरलीच नाही.

पण एक सल राहतो. हवाईची लाट इंग्रजाने लिहिली, आणि खांदेरीच्या लढाईची दिवसवार हकीकतही आपल्याला मिळते ती मुख्यत्वे इंग्रजांच्याच पत्रांतून.

हे सारे मी वर्गात सांगितले. पोराने ऐकून घेतले आणि विचारले, "रात्री होड्या नेणाऱ्यांची नावे काय होती?" मी फळ्यावर मायनाक भंडारी लिहिले, दौलतखान लिहिले. खडू हातातच होता. तेवढ्यात घंटा झाली.