व्हॅसोप्रेसिन : मेंदूतील संप्रेरक आणि हृदयाचे आकुंचन

शरीरातील पाणी राखून ठेवणारे संप्रेरक म्हणून व्हॅसोप्रेसिन ओळखले जाते. हृदयाच्या आकुंचनावरही त्याचा परिणाम होतो. मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागातील चेतापेशींत ते तयार होते, पीयूषिका ग्रंथीच्या मागील खंडात साठते आणि तेथून रक्तात मिसळते.

१८९५ मध्ये जॉर्ज ऑलिव्हर आणि एडवर्ड शेफर या ब्रिटिश संशोधकांनी पीयूषिका ग्रंथीचा अर्क प्राण्यांना टोचला असता रक्तदाब वाढल्याचे दिसले. हा गुण ग्रंथीच्या मागील खंडात असल्याचे विल्यम हॉवेल यांनी १८९८ मध्ये दाखवले. नऊ अमिनो आम्लांच्या या संप्रेरकावरील आणि ऑक्सिटोसिनवरील कार्यासाठी व्हिन्सेंट द्यू विनो यांना १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

रक्तवाहिन्यांच्या स्नायुपेशींवरील ग्राहींना व्हॅसोप्रेसिन चिकटले की पेशीतील कॅल्शियम वाढते आणि वाहिनी आकुंचन पावते. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्याही त्याला अपवाद नाहीत. उंदरासारख्या प्राण्याचे हृदय शरीराबाहेर काढून, त्यातून प्राणवायुयुक्त क्षारद्रव वाहता ठेवून ते धडधडत ठेवता येते. ऑस्कर लांगेनडोर्फ यांची ही पद्धतही १८९५ मधलीच. अशा हृदयाला व्हॅसोप्रेसिनची मोठी मात्रा दिल्यास त्याच्या धमन्या अरुंद होतात, स्नायूला मिळणारा प्राणवायू घटतो आणि आकुंचनाचा जोर ओसरतो. अल्प मात्रेने मात्र काही प्रयोगांत तो किंचित वाढल्याचे आढळले आहे. म्हणजेच परिणाम मात्रेवर आणि रक्तप्रवाहावर अवलंबून असतो.

जिवंत प्राण्यात चित्र अधिक गुंतागुंतीचे होते. रक्तदाब वाढताच महाधमनी व मानेतील धमन्यांमधील दाबसंवेदक मेंदूला सूचना देतात आणि हृदयाचे ठोके मंदावतात. त्यामुळे हृदयाचा जोर कमी झाला, तर तो संप्रेरकाच्या थेट परिणामामुळे की या प्रतिक्षिप्त क्रियेमुळे, हे वेगळे काढण्यासाठी सुट्या हृदयावरील प्रयोग आवश्यक ठरतात.

रुग्णांच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे. हृदय निकामी होऊ लागले की रक्तातील व्हॅसोप्रेसिन बहुधा वाढते. शरीरात पाणी साचते, रक्तातील सोडियम घटते आणि अरुंद वाहिन्यांमुळे थकलेल्या हृदयावरचा भार वाढतो. मूत्रपिंडावरील त्याचे कार्य रोखणाऱ्या टोल्व्हॅप्टन या औषधाने सूज व धाप कमी झाली. मात्र ४,१३३ रुग्णांवरील चाचणीत मृत्यूचे प्रमाण घटले नाही, असे २००७ मध्ये स्पष्ट झाले. उलट, जंतुसंसर्गामुळे रक्तदाब कोसळलेल्या रुग्णाला नॉरॲड्रेनॅलिन अपुरे पडल्यास व्हॅसोप्रेसिनची जोड दिली जाते. तेथेही मात्रा अल्पच ठेवावी लागते, कारण रक्तदाब सावरणारे हेच संप्रेरक मात्रा वाढल्यास हृदयाचा रक्तपुरवठा तोडू शकते.