शंभरावरचे दहा आणि पंचवीस

खामगावात माझं औषधांचं दुकान आहे. कंपवाताच्या गोळ्या न्यायला पेशंटच्या घरचं कुणी येतं आणि म्हणतं, "भाऊ, ११० नसन तं १२५ द्या, दोन्हीत शंभरच हाय ना?" शंभर दोन्हीत आहेत, हे खरं. ते शंभर मिलिग्रॅम लेवोडोपाचे. वरचे दहा किंवा पंचवीस कार्बिडोपाचे. त्या वरच्या आकड्यापर्यंत पोचायला साठ वर्षं लागली, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो मी बदलून देत नाही.

लेवोडोपा आपल्या रानातही आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी वेलीवर लोंबणारी खाजकुइरी कुणाला माहीत नाही? तिच्या शेंगेची लव अंगाला लागली की माणूस बेजार होतो. तिचं बी, म्हणजे कवचबीज, वैद्य दुधात शिजवून, साल काढून वापरत आले. १९३७ साली मद्रासला दामोदरन आणि रामस्वामी यांनी त्याच बियांतून लेवोडोपा वेगळा काढला. त्याआधी, १९१३ मध्ये, गुगेनहाइम या रसायनशास्त्रज्ञाने तो बाकल्यातून मिळवून अडीच ग्रॅम स्वतःच गिळला होता आणि उलट्यांनी हैराण झाला होता. पुढची सगळी अडचण त्या उलट्यांतच दिसत होती.

कंपवाताच्या पेशंटच्या मेंदूत डोपामिन कमी पडतं, हे १९६० मध्ये व्हिएन्नात एहरिंजर आणि हॉर्निकिएविच यांनी दाखवलं. डोपामिन थेट देऊन उपयोग नाही, ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. लेवोडोपा शिरतो आणि तिथे त्याचं डोपामिन होतं. पण बराचसा आतड्यात आणि रक्तातच बदलून जातो, मग मळमळ होते, रक्तदाब उतरतो. १९६७ मध्ये अमेरिकेत कोट्झियास यांनी डोपाचा डोस अगदी हळूहळू चढवत दिवसाला सोळा ग्रॅमपर्यंत नेला. जखडलेली माणसं हिंडूफिरू लागली, पण केवढ्या औषधावर! कार्बिडोपाने हे बदललं. त्याने कंप थांबत नाही. लेवोडोपाला वाटेत लुटलं जाऊ देत नाही, एवढंच त्याचं काम, आणि तो स्वतः मेंदूत जात नाही. लेवोडोपाची गरज त्यामुळे सुमारे पाव हिश्श्यावर आली. १९७५ मध्ये अमेरिकेत या जोडगोळीला मान्यता मिळाली.

आता हिशेब करा. राखणीला दिवसाला साधारण ७० ते १०० मिलिग्रॅम कार्बिडोपा लागतो. ११० च्या तीन गोळ्यांत तो होतो ३०, १२५ च्या तीन गोळ्यांत ७५. लेवोडोपा दोन्हीकडे तीनशेच, तरी एकाला मळमळ होते आणि दुसऱ्याला होत नाही, ती बहुधा यामुळे.

या गोळीसोबत कुणी कवचबीजाचं चूर्णही घेतं. मला त्याची फार काळजी वाटते. चूर्णातला लेवोडोपा गोळीतल्यात मिळतो, आणि गोळीतला कार्बिडोपा त्याचीही राखण करतो. मग हातपाय आपोआप वळवळतात, उठताना चक्कर येते, नसलेली माणसं दिसतात. म्हणून डॉक्टरांना चूर्णाचंही सांगा. उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड मागू नका, ते मेंदूतल्या डोपामिनच्याच आड येतं. आणि बरं वाटतंय म्हणून किंवा पत्ता संपला म्हणून गोळी एकदम बंद करू नका. अंग लाकडासारखं ताठून तीव्र ताप येऊ शकतो, जिवावर बेततं. आठवडाभराच्या गोळ्या शिल्लक असतानाच चिठ्ठी घेऊन या.