शेतकरी खासदार (तळटीप)

१. शेतकरी खासदार : येथे अभिप्रेत आहेत ते शरद जोशी (१९३५–२०१५), स्वित्झर्लंडमधील बर्न येथील जागतिक टपाल संघटनेतील नोकरी सोडून ज्यांनी १९७७ मध्ये चाकणजवळील आंबेठाण येथे कोरडवाहू जमीन घेतली आणि तिच्या जमाखर्चातूनच, उत्पादनखर्चही भरून न निघणे हेच शेतकऱ्याच्या दारिद्र्याचे मूळ आहे, हा शेतकरी संघटनेचा सिद्धान्त मांडला. भिवंडीच्या संदर्भात त्यांचे नाव येण्याचे कारण कापूस होय. १९८५ च्या वस्त्रधोरणाने कृत्रिम धाग्याला मोकळीक दिली तेव्हा त्यांनी कापूस उत्पादकांच्या बाजूने त्या धाग्याच्या कापडाच्या होळ्या पेटवल्या, आणि तोच धागा भिवंडीच्या यंत्रमागांवर, म्हणजे विजेवर चालणाऱ्या मागांवर, विणला जात होता. हा विरोध विणकराशी नसून धोरणाशी होता, हे विसरता कामा नये. संसदेत त्यांना एकच मुदत लाभली : २००४ ते २०१० या काळात ते स्वतंत्र भारत पक्षातर्फे राज्यसभेत होते. तेथे त्यांनी पक्षनोंदणीसाठी समाजवादावरील निष्ठेची सक्ती काढून टाकण्याचे खासगी विधेयक, अर्थात मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेले विधेयक, आणले. ९ मार्च २०१० रोजी महिला आरक्षण विधेयक १८६ विरुद्ध १ अशा मतांनी संमत झाले, तेव्हा ते विरोधी मत त्यांचेच होते. १९८६ च्या चांदवडच्या शेतकरी महिला अधिवेशनाचे आणि पत्नीच्या नावे जमीन करण्याच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेचे प्रवर्तकही तेच होते, हे ध्यानात घेतल्याखेरीज त्या मताचा अर्थ लावणे अन्यायाचे ठरेल.