अडणाऱ्या दाराची पूर्वपीठिका

आषाढाची झड लागली की गोव्यापासून बेळगावापर्यंत घरोघरची लाकडी कपाटे रुसतात. दार ओढावे तर कपाटच पुढे सरकते, दार मात्र जागचे हलत नाही. मग सुताराला बोलावणे जाते. तो कड रंध्याने तासून देतो, आणि थंडी पडली की त्याच दाराला फट दिसू लागते. यात दोष सुताराचा नव्हे आणि लाकडाचाही नव्हे. हवेतील ओलावा पिणे व सोडणे हा लाकडाचा धर्मच आहे. लांबीत ते जवळजवळ मुळीच वाढत नाही, रुंदीत मात्र फुगते आणि आटते. सागवानात ही हालचाल कमी, म्हणून तर त्याचा मान मोठा.

या धर्माशी भांडण न करता जमवून घेण्याची तोड युरोपातील कारागिरांनी पंधराव्या शतकाच्या सुमारास रूढ केली. दार एका रुंद फळीचे करावयाचे नाही. चार अरुंद पट्ट्यांची चौकट करावयाची, तिच्या आतल्या कडेला खोबण पाडावयाची आणि मधली फळी त्या खोबणीत सरस न लावता सैल बसवावयाची. फळी फुगली काय, आटली काय, ती खोबणीतल्या खोबणीत सरकते. चौकटीचे माप फारसे बदलत नाही. लंडनमध्ये या नाजूक कामावरून सुतारांच्या दोन संघांत तंटे झाले. १६३२ साली नगरीच्या कारभाऱ्यांनी निवाडा दिला, तो असा की कूस बसवून व सरस लावून जोडावयाचे सामान एका संघाने करावे आणि खिळे ठोकून करावयाचे फळ्यांचे काम दुसऱ्याने. दाराच्या एका सैल फळीमागे केवढी प्रतिष्ठा उभी होती, हे यावरून ध्यानी यावे.

सुटे भाग पाठवून सामान दुसऱ्याच्या दारी जोडण्याची कल्पना मात्र कपाटातून नव्हे, खुर्चीतून आली. मिखाएल टोनेट याने १८५९ साली विकावयास काढलेली चौदा क्रमांकाची वाकविलेल्या लाकडाची खुर्ची मोजक्या तुकड्यांची व स्क्रूंची होती. एक घनमीटर पेटीत अशा छत्तीस खुर्च्या मावत. पण खुर्चीला दार नसते. तेव्हा तिथे अडण्याचा प्रश्नच उद्भवला नाही.

कपाट खोक्यात बसावयाचे तर फळी सपाट, स्वस्त आणि सर्वत्र एकसारखी हवी. ती युद्धकाळाने दिली. जर्मन संशोधक माक्स हिमेलहेबर याने टाकाऊ लाकडाचा चुरा राळेत कालवून, उष्णता व दाब देऊन त्याच्या फळ्या करण्याची रीत बसविली, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रेमेन येथे त्यांचे उत्पादन सुरू झाले. या फळीला ना रेषा, ना गाठ. ऋतूप्रमाणे ती रुंदीत फारशी हलतही नाही. सुताराने शतकानुशतके ज्या शत्रूशी तह केला होता, तो शत्रूच जणू नाहीसा झाला. परंतु तिचा एक सूड आहे. दाबून बसविलेला चुरा पाणी लागताच सुटतो, कड जाडीत फुगते आणि वाळल्यावरही पूर्ववत होत नाही. अशा दारावर रंधा चालविणे म्हणजे त्याचे कवच सोलून उरलेल्या चुऱ्याला पाणी पिण्याची वाट मोकळी करणे होय.

स्वीडनमध्ये एका मोठ्या दुकानाने १९४४ सालीच सुटे सामान विकावयास काढले होते. तथापि कीर्ती मिळाली ती इंग्वार काम्प्राडने १९४३ मध्ये स्थापिलेल्या आयकियाला. गिलिस लुंडग्रेन या तिच्या कर्मचाऱ्याने मेज मोटारीत मावेना म्हणून त्याचे पाय काढले, ही १९५६ सालची गोष्ट पुष्कळ सांगितली जाते. गोष्ट चटकदार आहे. इतिहास तिच्याहून लांब आहे.

खरी क्रांती, असे म्हणावयास हरकत नाही, ती बिजागरीत झाली. युद्धोत्तर जर्मनीत कपाटाच्या बाजूंना बत्तीस मिलिमीटर अंतराने भोकांची रांग पाडण्याची पद्धत स्थिरावली; यंत्राची गिरमिटे त्याहून जवळ बसविणे कठीण होते, म्हणून ते अंतर. दाराच्या पाठीशी पस्तीस मिलिमीटर व्यासाची वाटी कोरून तीत बसणारी लपलेली बिजागरी आली. तिच्यावर दार जुळविण्याचे तीन मार्ग असतात: दाराजवळच्या स्क्रूने ते डावी-उजवीकडे कलते, मागचा सैल केला की आत-बाहेर सरकते, आणि बाजूच्या पट्टीचे लांबट भोकांतले स्क्रू सैल केले की वर-खाली होते. सुताराच्या नजरेत जे कसब होते, ते असे तीन स्क्रूंत उतरले आणि गृहस्थाच्या हाती आले. ते सर्वांच्या हातांना मानवले, असे मात्र नाही.

कारण अशा कपाटाचे दार अडते ते बहुधा दारामुळे नव्हेच. हे खोके पातळ पाठीच्या पत्र्यावर काटकोनात उभे असते. जमीन एका कोपऱ्यास खचलेली असली की आयताचा तिरपा चौकोन होतो आणि दोन दारे मधोमध घासू लागतात. म्हणून प्रथम पाणसळ लावून पाय समपातळीत आणावे, मग दोन्ही कर्ण दोरीने मोजावे. ते सारखे भरले तरच पेचकस हाती घ्यावा. पुष्कळजण हा क्रम उलटा करतात आणि सारी दुपार बिजागरीशी झुंजतात.

भारतात या प्रश्नाला आधी निराळेच उत्तर मिळाले होते. गोदरेजने १९२३ साली पोलादी कपाट आणले. ते फुगत नाही आणि त्याला वाळवीही लागत नाही. सुट्या भागांचे स्वीडिश कपाट हैदराबादेत ९ ऑगस्ट २०१८ रोजी, ऐन पावसाळ्यात, दुकानात मांडले गेले. घरी येऊन जोडून देणारी माणसे पुरविण्याची सोयही दुकानाला करावी लागली. इकडे पेचकस अजून कारागिराच्याच पिशवीत असतो. त्या पिशवीतील एक जुनी युक्ती नव्या फळीलाही चालते. बिजागरीचा स्क्रू चुऱ्यात धरेनासा झाला, तर भोकात सरस भरून बांबूची काडी ठोकावी, रात्रभर वाळू द्यावी, कड तासून घ्यावी आणि सकाळी तोच स्क्रू हलक्या हाताने पुन्हा आवळावा.