कागद नसलेली गाडी

परवा टीममधल्या एका मित्रानं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. जाहिरातीत एक लाल रंगाची छोटी क्वाड बाईक. ११० सीसी, दोन वर्षं वापरलेली, मुलगा मोठा झाला म्हणून विकणे आहे. खाली ठळक अक्षरांत : रजिस्ट्रेशनची कटकट नाही, कागदपत्रं लागत नाहीत! मित्राचा फ्लॅट रावेतला, गावाकडची शेती चाकणच्या पुढे, मुलगा नऊ वर्षांचा. सुट्टीच्या दिवशी पोरगं शेतावर जाऊनही टॅबमध्येच डोकं घालून बसतं, त्यापेक्षा हे बरं, असा त्याचा हिशोब. हिशोब अगदीच चुकीचा नाही. मला म्हणाला, "तुला गाड्यांतलं कळतं रे, इंजिन तेवढं बघून सांग."

इंजिनाचं नंतर बघू. मी अडकलो तो "कागदपत्रं लागत नाहीत" या वाक्यावर. कारण आपल्या पिंपरी-चिंचवडमध्ये जुनी गाडी घेणं म्हणजे पत्रा बघायच्या आधी कागद बघणं. आरसी बुकावर नाव कुणाचं, मालक कितवा, कर्ज फिटलंय का, टीटी फॉर्मवर सही मिळेल का. फॉर्म २९ आणि ३० हे आकडे इथल्या कुठल्याही जुन्या गाड्यांच्या दलालाला झोपेतून उठवून विचारले तरी सांगेल.

याला मोठा इतिहास आहे. आकुर्डीत बजाजचा कारखाना आधी पियाजिओच्या परवान्यावर व्हेस्पा बनवायचा. तो करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये चेतक आली. लायसन्स राजमध्ये किती स्कूटर बनवायच्या तेही सरकार ठरवणार, त्यामुळे मागणी डोंगराएवढी आणि उत्पादन मोजून मापून. नंबर लागायला दहा-दहा वर्षं लागत. परिणाम असा की वापरलेली स्कूटर नव्यापेक्षा महाग विकली जायची! आपल्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्यांना हे पटकन पचत नाही, कारण आपल्याकडे जुनं व्हर्जन फुकट दिलं तरी कुणी घेत नाही. पण तेव्हा लोखंडापेक्षा कागदाला किंमत होती. बुकिंग कुणाच्या नावावर, नंबर कितवा, गाडी कुणाच्या नावानं पासिंग झाली, यावर सगळा व्यवहार चालायचा.

आणि घरातल्या पोराला पहिली गाडी मिळायची ती या साखळीच्या शेवटच्या कडीला. १९७२ मध्येच कायनेटिकची लूना आली. ५० सीसी, पियाजिओच्या चाओ मोपेडवर बेतलेली, कारखाना नगरला आणि कंपनीचं ऑफिस आपल्या चिंचवडला. मग बजाजची एम-५० (१९८१), एम-८० (१९८६), सनी (१९९०). वडिलांना नवी स्कूटर आली की जुनी लूना पोराकडे, आणि पोराला नवीकोरी गाडी म्हणजे शुद्ध उधळपट्टी. कॉलनीतल्या बहुतेकांची हीच कथा.

यात एक गोष्ट सहज घडून जायची. गाडी जुनी असली तरी तिचा आधीचा मालक घरातच असायचा. चेतक सुरू होत नसेल तर किती तिरकी करायची, प्लग किती दिवसांनी साफ करायचा, मागचा ब्रेक कुठे दगा देतो, हे सगळं वडिलांना माहीत. गाडीबरोबर हे ज्ञानही पोराच्या नावावर ट्रान्स्फर व्हायचं, तेही फॉर्म २९ न भरता. :-)

१९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्यात अठरा वर्षांखाली गाडी नाही, मात्र ५० सीसीपर्यंतची मोटारसायकल सोळाव्या वर्षी चालवता येईल, अशी सवलत आहे. आजही आहे. गंमत म्हणजे ती ज्या गाड्यांसाठी होती त्या बाजारातून गेल्या. शोरूममध्ये ५० सीसीची पेट्रोल गाडी आता दिसत नाही, सोळा वर्षांची मुलं मात्र ११० सीसीच्या स्कूटरवर क्लासला जाताना रोज दिसतात. कायद्यात एक फंक्शन लिहून ठेवलंय, त्याला कॉल करणारं कुणी उरलेलं नाही.

आता क्वाडकडे वळू, कारण तिचीही खरी गोष्ट त्याच १९८८ मध्ये घडते, फक्त अमेरिकेत.

होंडाच्या अमेरिकेतल्या डीलर्सना हिवाळ्यात मोटारसायकली खपत नसल्यानं काहीतरी वेगळं विकायला हवं होतं. त्यातून १९७० मध्ये यूएस-९० ही तीनचाकी बाजारात आली. फुग्यासारखे, अगदी कमी हवेचे टायर, बर्फात-वाळूत-चिखलात कुठेही चालणारी. पुढे हिचं नाव एटीसी-९० झालं, आणि मुलांसाठी धाकटी एटीसी-७० सुद्धा आली. १९८० च्या दशकात सुझुकीनं चौथं चाक जोडलं, आणि मग ५० सीसीची खास मुलांची क्वाड काढली. विक्री धडाक्यात झाली आणि अपघातही. शेकडो लोक मेले, त्यात सोळा वर्षांखालच्या मुलांचा वाटा फार मोठा होता. अमेरिकन सरकारनं १९८७ च्या शेवटी कंपन्यांना कोर्टात खेचलं. १९८८ मध्ये तडजोड झाली. नव्या तीनचाकींची विक्री बंद. ७० ते ९० सीसी बारा वर्षांच्या पुढे, ९० सीसीच्या वर सोळाच्या पुढे. गाडीवर इशाऱ्याचे स्टिकर. आणि नवी गाडी घेणाऱ्याला कंपनीच्या खर्चानं प्रशिक्षण.

म्हणजे त्या हिशोबानं मित्राच्या मुलाला ११० सीसीची गाडी मिळायला अजून सात वर्षं थांबावं लागलं असतं.

पण माझ्या मते महत्त्वाचं दुसरंच आहे. ही सगळी सुरक्षा शोरूमच्या दारात उभी होती. डीलरनं वय विचारायचं, डीलरनं पुस्तिका द्यायची, डीलरनं ट्रेनिंगला पाठवायचं. गाडी दुसऱ्या हातात गेली की यातलं काहीच बरोबर जात नाही. करार कंपन्यांशी झाला होता, "मुलगा मोठा झाला म्हणून विकणे आहे"वाल्यांशी नव्हता. तो दहा वर्षांनी, १९९८ मध्ये संपला.

पुढे तिथे मापच बदललं. सीसीऐवजी वेग. मुलांच्या क्वाडचे वयोगट पडले : सहा वर्षांच्या पुढची, दहाच्या पुढची, बाराच्या पुढची. सहाच्या पुढच्या गाडीचा कमाल वेग ताशी १५ मैल, म्हणजे साधारण २४ किलोमीटर. दहाच्या पुढची ३० मैलांपर्यंत जाऊ शकते, पण विकताना ती १५ मैलांवर बांधून द्यायची. त्यामुळे ११० सीसीचं इंजिन दहा वर्षांच्या मुलाच्या गाडीत बसू लागलं. नऊ वर्षांचा मुलगा मात्र अजूनही पहिल्याच गटात. (वेग हे जास्त शहाणं माप आहे असं मला वाटतं. आपल्याकडेही २५० वॉटपेक्षा कमी ताकदीच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या ई-स्कूटरला मोटार वाहन मानत नाहीत, ते याच विचारानं.)

अमेरिकेनं यात एक मजेदार घोळही घातला. २००८ मध्ये खेळण्यांतल्या शिशावर कडक कायदा आला. मुलांसाठीच्या वस्तूत शिसं नको, इतकं साधं. पण मुलांच्या क्वाडच्या बॅटरीच्या टर्मिनलमध्ये आणि टायरच्या व्हॉल्व्हमध्ये शिसं असतं! २००९ मध्ये डीलर्सना छोट्या क्वाड विक्रीतून काढाव्या लागल्या, आणि आता मुलं मोठ्यांच्या गाड्यांवर बसतील अशी भीती उभी राहिली. व्हॉल्व्ह चाटून कुणी मेल्याचं ऐकिवात नाही, मोठ्या क्वाडखाली सापडून मात्र मुलं मरतच होती. २०११ मध्ये कायदा दुरुस्त झाला. टेस्ट केस न लिहिता प्रॉडक्शनला ढकललेला कोड, दुसरं काय.

आता इंजिन. या ११० सीसीच्या छोट्या क्वाड बहुतेक चिनी बनावटीच्या असतात आणि त्यांचं आडवं इंजिन होंडाच्या १९५८ च्या सुपर कबच्या वंशातलं असतं. १९८५ ची हीरो होंडा सीडी-१०० आणि नंतरची स्प्लेंडर याच नात्यातल्या. त्यामुळे भोसरीतला कुठलाही बरा मेकॅनिक ते उघडेल आणि नीटही करेल. म्हणून "इंजिन बघून सांग" हा प्रश्न सगळ्यात सोपा, आणि सगळ्यात कमी कामाचा.

क्वाड उलटते ती इंजिनामुळे नाही. बहुतेक क्वाडचा मागचा धुरा एकसंध असतो, डिफरन्शियल नसतो. वळताना आतलं आणि बाहेरचं चाक एकाच गतीनं फिरतं, म्हणून गाडी सरळच जाऊ बघते. तिला वळवायला चालवणाऱ्यानं सीटवर सरकून अंग वळणाच्या आत टाकायचं, चढावर पुढे झुकायचं. मोठा माणूस हे करू शकतो कारण त्याचं वजन गाडीच्या मानानं बरंच असतं. पंचवीस-तीस किलोचं पोर कितीही झुकलं तरी गाडीला पत्ताच लागत नाही. चार चाकं बघून आई-बापाला वाटतं की ही सायकलपेक्षा स्थिर. उभी असताना आहेच. पण सायकल पडली तर पोर सायकलवर पडतं, क्वाड उलटली तर ती पोरावर पडते. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना तर सोळाच्या आत कुणालाच क्वाड नको म्हणते. मी इतका कडक नाही, पण त्यांचं म्हणणं वाचून मुकाट बसलो हे खरं.

मग जुनी क्वाड बघायला गेलं तर बघायचं काय? आधी थ्रॉटलजवळचा लिमिटर स्क्रू. तो आत-बाहेर करून अंगठ्याचा खटका किती दाबला जावा हे ठरतं. आधीच्या मालकाचं पोर दोन महिन्यांत कंटाळलेलं असतं, बापानं स्क्रू काढून टाकलेला असतो आणि कुठे ठेवला ते आठवत नसतं. मग मनगटाला किंवा कपड्याला अडकवायची दोरी, पोर पडलं की इंजिन बंद करणारी. ती नुसती लोंबत नाही ना, ओढल्यावर खरंच इंजिन बंद होतं ना, हे समोर करून बघायचं. मागचं चाक धरून हलवायचं, धुऱ्याच्या बेअरिंगला खेळ असेल तर हाताला कळतो. पुढच्या चाकांचे आर्म वाकलेत का आणि फ्रेमवर नंतर वेल्डिंग केलंय का, हे प्लास्टिक वर करूनच दिसेल. टायरमध्ये हवा फार कमी लागते, त्यावर छापलेली असते. आपल्याकडे हवा भरणारा सवयीनं स्कूटरइतकी ठोकतो आणि गाडी चेंडूसारखी उडते. विकणारा म्हणाला की मागे धाकटी बहीणही बसायची, तर गाडी कशी वापरलीय ते समजा. एकट्याच्या क्वाडवर दुसरा माणूस बसत नाही.

चोरीची आहे का, किती जुनी आहे, हे मात्र कुठूनच कळत नाही. एमएच-१४ चा नंबर असता तर दोन मिनिटांत कळलं असतं. बजाजच्या चारचाकी क्यूटला, म्हणजे २०१२ मध्ये दाखवलेल्या आरई-६० ला, आधी क्वाड्रिसायकल नावाचा नवा वर्ग कायद्यात तयार व्हावा लागला, तेव्हा कुठे २०१९ मध्ये ती महाराष्ट्रात विकायला आली. मुलांच्या क्वाडनं कुठलाच वर्ग मागितला नाही. तिला रस्त्यावर यायचंच नाही ना!

प्रश्न हाच आहे की रस्ता कुठे सुरू होतो. कायद्यातली सार्वजनिक जागा म्हणजे जिथे लोकांना जाण्याचा हक्क आहे अशी कोणतीही वाट, डांबर असो वा माती. कुंपणातलं शेत तुमचं. दोन शेतांमधून वस्तीकडे जाणारी पाणंद तुमची नाही. नऊ वर्षांचा मुलगा तिथे गेला तर २०१९ च्या दुरुस्तीतलं कलम १९९अ लागू शकतं : पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन बारा महिने रद्द, आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. "मला माहीतच नव्हतं" हा बचाव त्यात आहे, पण पोरासाठीच गाडी घेणाऱ्या बापानं तो कसा करायचा? रद्द करायला रजिस्ट्रेशनच नाही, एवढीच काय ती सूट. शिवाय पाणंदीवर कुणी म्हातारं माणूस सापडलं, तर नोंदणीच नसलेल्या गाडीला थर्ड पार्टी विमा कुठला?

१९ मे २०२४ ला कल्याणीनगरमध्ये दोन तरुण आयटी इंजिनियर गेले. ती पोर्शे सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता असा आरोप आहे, आणि त्या गाडीचंही कायमचं रजिस्ट्रेशन झालेलं नव्हतं. कुठे पोर्शे, कुठे लाल क्वाड, हे मान्य. पण घरातल्या मोठ्यांनी किल्ली द्यायची आणि कागद नंतर बघू म्हणायचं, हा भाग तोच आहे.

मित्राला मी तीन गोष्टी लिहून पाठवल्या. ११० नको, सहा वर्षांच्या पुढच्या गटातली छोटी बघ, जुनी चालेल. लिमिटर आणि दोरी नसेल तर सौदा तिथेच सोड. आणि विकणारा गाडीबरोबर हेल्मेट फुकट देतोय ते घेऊ नकोस. त्याच्या आतला थर्माकोलसारखा थर एकदाच दबतो, दबला की परत फुगत नाही, आणि दबलाय की नाही हे बाहेरून दिसत नाही.